मागे एक

माझ्या नवऱ्याला हमरस्त्याचं वावडं आहे. जिथे डांबरी रस्त्याने दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येतं, तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचतो, दातांत धूळ आणि अंगाचा खुळखुळा झालेला. "देवाने एवढा देश घडवला तो काय खिडकीतून सुळकन मागे जाऊ द्यायला?" असं रूलन म्हणतो. हमरस्ता बांधणारी माणसंही देवानेच घडवली, असं मी म्हणते, पण ते त्याच्या कानात शिरत नाही. दरवर्षी उन्हाळा ओसरला की ट्रकच्या पाठीवर झोपायची पेटी चढवायची आणि दक्षिण युटातल्या कुठल्यातरी कच्च्या रस्त्याला लागायचं. उघड्यावर मुक्काम, निखाऱ्यावरच्या बिडाच्या भांड्यात बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस, सकाळी गरम कोको. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडतं. त्याला सांगत नाही इतकंच, नाहीतर डोक्यावर बसेल.

मी स्वतः निवृत्त होईपर्यंत याच डोंगरांतून शाळेची बस चालवली. त्यामुळे गाडी कशी हाकावी हे रूलनने मला शिकवावं असं काही राहिलेलं नाही. पण ट्रकचं चाक त्याच्या हातात आणि रांगेत पहिली गाडी त्याची, हे आमच्या घरात लग्नापासून ठरून गेलेलं आहे.

यंदा खरोखरच रांग होती. आमची टॉन्या तिच्या जुन्या लाल जीपमधून मागे येत होती. टॉन्या आमची एकुलती एक. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा घर सोडून गेला, तेव्हापासून ती हसायची विसरली होती, म्हणून मीच तिला ओढून आणलं होतं. तिच्या मागच्या सीटवर तिची पाच वर्षांची ब्रिन्ली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. माझं म्हणावं असं या जगात जे काही आहे, ते त्या लाल डब्यात होतं.

डांबरी रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या पेट्रोल पंपावर तो माणूस भेटला. राखाडी रंगाची मोठी व्हॅन, खिडक्यांना आतून पडदे. पन्नाशीचा, उंच, नव्या कोऱ्या हॅटवर अजून दुकानातली सुरकुती. पंपाच्या दारावर एका हरवलेल्या बाईचा फोटो चिकटवलेला होता, उन्हाने विटून गेलेला. तो माणूस त्या फोटोसमोर उभा राहून तो वाचत होता. बराच वेळ वाचत होता. इतकं काय वाचायचं होतं त्यात कोण जाणे.

मी आतून बर्फ घेऊन येईपर्यंत टॉन्याने त्याला आमची अख्खी कुंडली सांगून टाकली होती. आज मुक्काम कुठे, उद्या कुठे, कुठल्या रस्त्याने.

"खेचरकड्याने उतरणार आम्ही, नदीपर्यंत," ती सांगत होती. "फार सुंदर आहे म्हणतात बाबा."

"एकटीच आहात का?" त्याने विचारलं.

"एकटी कशाला? पुढे आई-बाबा आहेत ना."

मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "अनोळखी माणसाला सगळा पत्ता देतेस? घराची किल्लीही देऊन टाक म्हणजे झालं."

"आई, तू पण ना! भला माणूस आहे तो. विचारत होता फक्त."

"विचारणारेच भले नसतात."

आम्ही निघालो तेव्हा त्याने हात केला. आमच्याकडे अनोळखी माणसाला हॅटच्या कडेला एक बोट लावतात, नाहीतर नुसती मान हलवतात. याने सगळा पंजा उघडून, लहान मुलं बसच्या खिडकीतून करतात तसा, जोरजोरात हलवला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुपारभर आरशात बघत होते. टॉन्याची लाल जीप, तिच्या मागे मोकळं माळरान, आणि माळरानाच्या टोकाला धुळीचा एक छोटा लोट. आम्ही थांबलो की तो थांबायचा. आम्ही निघालो की निघायचा.

"रूलन, तो मागे येतोय."

"रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय? येईना."

"तीन वेळा वळलो आपण. तिन्ही वेळा तोही वळला."

यावर रूलनने आरसा थोडा फिरवून घेतला.

संध्याकाळी एका सपाटीवर मुक्काम टाकला. सूर्य टेकला तरी खडक तापलेले होते आणि वारा पडलेला. ब्रिन्लीने वाळलेल्या झुडपांच्या काटक्या गोळा केल्या, टॉन्या बऱ्याच दिवसांनी काहीतरी गुणगुणत होती. तेवढ्यात राखाडी व्हॅन आली आणि आमच्यापासून हाक ऐकू जाईल न जाईल इतक्या अंतरावर थांबली. त्याने शेकोटी पेटवली नाही. खुर्ची टाकली नाही. दरवाजाही उघडला नाही. एवढं मोठं रान पडलेलं असताना माणसाने आमच्याच शेजारी येऊन थांबावं आणि आत पडदे ओढून बसावं, याला काय म्हणायचं?

"लाजाळू असेल बिचारा," टॉन्या म्हणाली.

"लाजाळू माणूस शंभर मैल कोणाच्या मागे येत नाही," मी म्हणाले.

रूलनने बंदूक पेटीतून काढून ट्रकच्या पुढच्या सीटमागे ठेवली. ब्रिन्लीला दिसू नये म्हणून वर कांबळं टाकलं. मला ते दिसलं, आणि त्याने ते केलं म्हणून मी जास्तच घाबरले.

सकाळी तो माणूस स्वतःहून चालत आला. हातात वाफाळता थर्मास. "कॉफी घेणार का?" त्याचे डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा.

"आमच्यात कॉफी पीत नाहीत," रूलन म्हणाला. आमच्या धर्मात ती वर्ज्य आहे हे खरं, पण इतर वेळी रूलन हे हसून सांगतो आणि समोरच्याला कोको पाजतो. आज त्याने नुसतं ऐकवलं.

"मी वेंडेल," तो म्हणाला. "तुम्ही आज कड्यानेच उतरणार ना? किती वाजता निघाल?"

"निघू तेव्हा निघू," मी म्हणाले.

तो मान खाली घालून परत गेला. त्याचा थर्मास धरलेला हात थरथरत होता. असा हात थरथरणारी माणसं दोनच प्रकारची असतात, आणि मी त्या सकाळी वाईट प्रकार धरून चालले.

खेचरकडा म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेली एक गाडीपुरती वाट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली नदी दिसते, दोऱ्याएवढी. वाटेत वरच्या तोंडाशी एक रुंद जागा आहे आणि तळाकडे दुसरी. मधल्या सगळ्या वळणांत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे मागे जावं लागतं, आणि तिथे मागे जाताना माणसं गेलेली आहेत.

म्हणून आमच्याकडे एक रिवाज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण ज्याला तो येत नाही त्याला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही. रुंद जागेवर जो असेल तो थांबतो आणि समोरच्यांना येऊ देतो. रांगेतला पहिला माणूस जाताना बोटं दाखवतो. मागे दोन गाड्या असतील तर दोन बोटं, एक असेल तर एक. शेवटची गाडी मूठ दाखवते, म्हणजे झालं, आता तू नीघ. एखादा शेवटचा मूठ दाखवायला विसरला तरी फारसं बिघडत नाही, कारण थांबलेल्याने पहिल्याचं बोट मोजलेलं असतं. त्या बोटावर माणसं डोळे झाकून गाडी पुढे घालतात.

निघण्याआधी मी रूलनला म्हटलं, "टॉन्याला पुढे घाल. लहान मूल आहे गाडीत. मी नेहमी कमजोर गाडी पुढे ठेवायचे, म्हणजे डोळ्यांसमोर राहते."

"ती उतार पाहिल्यावर गळाठेल. मी पुढे असलो तर माझ्या चाकोरीतून तरी येईल."

"आणि तो मागून आला तर?"

"बंदूक पुढच्या गाडीतच आहे, व्हर्ला. वाद घालू नकोस."

मी वाद घातला नाही. त्याच्या हट्टापुढे शब्द वाया घालवायचे नाहीत, हे मी शिकले आहे. टॉन्याच्या हातात छोटा वायरलेस दिला आणि सांगितलं, काही वाटलं तर बोल.

वरच्या रुंद जागेपर्यंत लाल जीप आरशात होती. मग पहिलं वळण आलं आणि भिंत मधे आली. आमच्या चाकांनी इतकी धूळ उडवली की मागचं काही दिसेना. मी वायरलेस कानाशी धरला. नुसती खरखर.

"दगडामुळे आहे," रूलन म्हणाला. "खाली लागेल."

तळाच्या रुंद जागेवर पाण्याचा टँकर उभा होता. वरच्या पठारावर गुरं असतात, त्यांना या दिवसांत पाणी चढवावं लागतं. भरलेला टँकर एकदा त्या चढणीला लागला की मधे थांबत नाही, थांबला तर पाणी त्याला मागे ओढतं. जो येईल तो जोर धरून येतो. लाल दाढीचा ड्रायव्हर खिडकीत कोपर टाकून, इंजिन चालू ठेवून आमची वाट बघत होता. रूलनने त्याच्या शेजारून ट्रक काढताना खिडकीतून एक बोट वर केलं. दाढीवाल्याने मान हलवली.

आम्ही पुढचं वळण घेतलं आणि थोडं खाली, जिथे जरा बाजूला घेता येतं, तिथे टॉन्यासाठी थांबलो. धूळ हळूहळू खाली बसत होती. वळणावरून चाकांचा आवाज आला. मी दार उघडून उतरले, ब्रिन्लीला हात करायला.

धुळीतून राखाडी व्हॅन बाहेर आली.

मला वाटतं रूलनचा हात आधी बंदुकीवरच गेला. कांबळं बाजूला झालेलं मी पाहिलं. माझ्याही डोक्यात तेच होतं: याने माझ्या मुलीचं काय केलं? व्हॅन आमच्या मागे नाक लावून थांबली आणि वेंडेल उतरला. चेहरा घामाने निथळलेला.

"माझी मुलगी कुठाय?" मी ओरडले.

"वर," तो म्हणाला. "वरच्या रुंद जागेवर. छोटीला लघवीला लागली होती. त्यांनीच मला हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. मी नको म्हणत होतो, मला एकट्याने उतरायची भीती वाटते. मला उंची सोसत नाही हो. म्हणून तर कालपासून तुमच्या मागे मागे येतोय. तुमची धूळ दिसत राहिली की बरं वाटतं. पण त्या म्हणाल्या, आईबाबा पुढेच आहेत, आम्ही आलोच मागून."

आलोच मागून.

रूलन ट्रकमधून उतरला होता. बंदूक त्याने सीटवर टाकून दिली होती. "मी एकच दाखवलं," तो म्हणाला. "बरोबर दाखवलं मी, व्हर्ला. आपल्या मागे एकच होती."

"ती एक कुठली, ते टँकरवाल्याला काय ठाऊक!"

त्याला एक गाडी सांगितली होती. एक गाडी त्याला मिळाली होती. आता वाट मोकळी समजून तो निघणार, पाण्याने भरलेला, न थांबता. आणि वरून एक लाल जीप उतरणार, जिच्या चाकावर अशा उतारावर पहिल्यांदाच आलेली बाई आणि मागे बडबड करणारी एक पोर. मधे एकही रुंद जागा नाही.

इंजिनचा आवाज ऐकू येत होता. दरीत तो सगळीकडून येत होता, टँकर उभा आहे की चढतोय, काही कळत नव्हतं. मी वायरलेसमध्ये ओरडले, "टॉन्या, थांब! वरच थांब!" खरखर. ट्रक मागे घ्यावा तर व्हॅन आडवी. व्हॅन मागे घ्यावी तर वेंडेलला ते जमणार नव्हतं. मी धावत जाऊन आमच्या ट्रकचा भोंगा दाबला. दाबून धरला. कड्याकड्यातून तो घुमला.

वरून उत्तर आलं. टँकरचा भोंगा, एकदाच, लांब.

आमच्याकडे वाट दिल्याबद्दल लोक असाच भोंगा वाजवून एकमेकांचे आभार मानतात. त्याला वाटलं मी त्याचे आभार मानतेय.

मग इंजिनचा आवाज थांबला. कमी कमी होत गेला नाही. एकदम थांबला, मान मुरगाळल्यासारखा. आणि दरीत इतकी शांतता झाली की वरून घरंगळणारा एक खडा शेवटपर्यंत ऐकू आला.

रूलन खाली रस्त्यावरच बसला. ज्या हाताने बोट दाखवलं तो हात त्याने दुसऱ्या हाताखाली धरला होता. मला त्याच्याकडे बघवेना, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो माणूस डोळ्यांसमोरही नको होता. मी वळणाकडे निघाले. माझा एक गुडघा कधीचा कामातून गेलाय, तरी मी कशी चढले मला ठाऊक नाही. देवाला शिव्या देत होते आणि त्याच दमात त्याला नवस बोलत होते. वेंडेल भिंतीला हात लावून, दरीकडे न बघता, माझ्या मागे येत होता.

वळण संपलं. टँकर जिथे होता तिथेच उभा होता.

दाढीवाला पाय दाराबाहेर टाकून सँडविच खात होता. मला बघून त्याने घास गिळला. "आलात? बरं झालं. मघाशी भोंगा तुम्हीच वाजवत होतात ना? घाई कसली लावलीय? वैतागून इंजिनच बंद केलं मी. डिझेल काय माझ्या बापाचं आहे?"

मी टँकरच्या दाराला धरून वरच्या वाटेकडे बघत होते.

"काय हो बाई," तो म्हणाला, "घरून निघताना गाड्या मोजून निघत नाही का तुम्ही लोक? पहिला म्हातारा म्हणतो मागे एक. ती एक आली, तर तिच्यातला माणूस म्हणतो मागे पाच! सगळा पंजाच दाखवला त्याने मला. आता मी कोणाचं खरं मानू? म्हटलं बसा, दिवसभर बसा."

मी मागे वळून पाहिलं. वेंडेल भिंतीला टेकून धापा टाकत होता.

"मी नुसता हात केला," तो म्हणाला. "ते आमच्यासाठी थांबले होते, म्हणून. काही चुकलं का माझं?"

मला रडू आलं. भर रस्त्यात, दोन परक्या पुरुषांसमोर, तोंड झाकायचंही सुचलं नाही. दाढीवाला सँडविच हातात धरून बघतच राहिला. तेवढ्यात वरच्या वळणावर लाल रंग दिसला. जीप मुंगीच्या पावलांनी उतरत होती. टॉन्याने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ओठ दातांखाली. आमच्यापाशी आली तशी तिने, बापाने शिकवल्याप्रमाणे, खिडकीतून मूठ काढून टँकरवाल्याला दाखवली.

"मूठ कसली दाखवतेस?" तो म्हणाला. "बाकीचे चार कुठायत?"

"आजी, मी दरीत शू केली!" मागच्या सीटवरून ब्रिन्ली ओरडली. "खूप लांब गेली!"

मी दार उघडून तिला बाहेर ओढलं आणि इतकी आवळली की ती चिडली.

दाढीवाल्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. पुन्हा खाल्लं नाही. वेंडेलने व्हॅनमधून थर्मास आणला आणि काय करावं न कळून माझ्यापुढे धरला. मी प्याले. आयुष्यात पहिल्यांदा, कडू, गरम, सगळा कप. रूलन तोवर वर आला होता, त्याने ते पाहिलं.

तो टॉन्याजवळ गेला. तिच्या खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पोरी, तू पुढे हो. तुझ्या मागे हे साहेब. मी शेवटी येतो."

"बाबा, तू? शेवटी?" टॉन्या हसली. तिला अजून पुरतं काही कळलं नव्हतं.

आम्ही तसेच उतरलो, लाल जीप डोळ्यांसमोर, मधे राखाडी व्हॅन. नदीजवळ एक जुनी गाडी आमच्यासाठी बाजूला थांबली होती. टॉन्याने दोन बोटं दाखवली. वेंडेलने, आता शिकला होता, एक. आमची पाळी आली तेव्हा रूलनने खिडकीतून मूठ बाहेर काढली. गाडी मागे पडली, धूळ बसली, मुक्कामाची जागा आली, तरी त्याने ती मूठ उघडली नव्हती. शेवटी मीच तिच्यातलं एकेक बोट सोडवलं.